पांढऱ्या गराचा पीच लावण्याआधी थंडीचा हिशेब मांडा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

उष्ण जिल्ह्यांत सफरचंद पिकल्याच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांना आता नव्या राहिलेल्या नाहीत. एचआरएमएन-99 किंवा अण्णा जातीचे झाड, त्याला लागलेली थोडी फळे आणि शेजारी उभे असलेले शेतकरी कुटुंब हे छायाचित्र आपल्या सर्वांच्या ओळखीचे झाले आहे. त्याच वाटेने आता पीच येत आहे, आणि रोपे विकणाऱ्यांच्या तोंडी ‘पांढऱ्या गराचा, मधासारखा गोड’ पीच विशेष ऐकू येतो. मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार आहे. पीचबद्दल मला आकस नाही. उलट हे फळ आपल्याकडे काही ठिकाणी घेता येईल का, हा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. तथापि या विषयावरील बहुतेक मजकुरात झाडाच्या जातीचे नाव नसते, आणि जातीचे नाव नसलेली पीचची यशोगाथा वाचून कोणी एकरभर लागवड केली, तर तिचे काय होईल हे सांगण्यासाठी ज्योतिषाची गरज नाही. उष्ण भागात पीच निवडताना गराचा रंग हा शेवटचा प्रश्न असला पाहिजे. त्याआधी थंडीची गरज, फळ पक्व होण्याची तारीख आणि जमीन हे तीन प्रश्न सुटावे लागतात, आणि ते सुटले तरच पांढऱ्या गराच्या मोजक्या जातींपैकी एखादी आपल्या वाट्याला येते, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे.

पीच हे पानगळ होणारे झाड आहे. हिवाळ्यात त्याचे डोळे सुप्तावस्थेत जातात आणि ठरावीक मात्रेत थंडी मिळाल्याशिवाय ते नीट फुटत नाहीत. ही मात्रा पूर्वीपासून 7.2 अंश सेल्सिअसच्या खालच्या तासांत मोजली जाते. 1950 मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात वाइनबर्गर या संशोधकाने पीचच्या अनेक जातींची थंडीची गरज याच मापाने मांडली, आणि आजही रोपवाटिकांच्या माहितीपत्रकांत ‘200 तास’, ‘650 तास’, ‘850 तास’ असे आकडे येतात ते त्याच परंपरेतले. हे माप साधे आणि थंड प्रदेशात पुरेसे आहे. मात्र ज्या ठिकाणी पहाटे पारा 6 अंशांवर आणि दुपारी 28 अंशांवर असतो, तेथे ते फसवते, कारण रात्री मिळालेल्या थंडीचा परिणाम दुपारचे ऊन पुसून टाकते. 1974 मध्ये युटा राज्यातील संशोधकांनी रेडहेवन आणि एल्बर्टा या पीचच्याच जातींवर काम करून जी पद्धत मांडली, तिच्यात 18 अंशांवरील प्रत्येक तासामागे एक एकक वजा करावे लागते. आपल्या पठारावरच्या हिवाळ्याला ही पद्धत लावली, तर बेरीज बहुधा शून्याखाली जाईल. पुढे 1987 च्या सुमारास इस्रायलमधील एरेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उष्ण हिवाळ्यासाठी अधिक बारकाईची पद्धत बसवली. तिचे मर्म असे, की थंडीचा परिणाम आधी कच्च्या स्वरूपात साठतो आणि तो उन्हाने मोडू शकतो. पण एकदा तो ठरावीक पातळीला जाऊन पक्का झाला, की नंतरची उष्णता त्याला धक्का लावू शकत नाही. आपल्याकडे पीचचा विचार कोणाला गांभीर्याने करायचा असेल, तर गावातल्या तापमानाच्या तासागणिक नोंदी घेऊन हा हिशेब करावा लागेल. ‘आमच्याकडे थंडी खूप पडते’ या वाक्यावर बाग उभी राहत नाही.

हे मी निफाडकर म्हणून जाणीवपूर्वक लिहितो आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेले नीचांकी तापमान दर हिवाळ्यात वृत्तपत्रांत छापून येते, थंडीच्या लाटेत ते 5 अंशांच्याही खाली गेलेले आहे, आणि द्राक्षमण्यांना तडे जातील या धास्तीने आम्ही पहाटे बागेत शेकोट्या करतो. त्यामुळे निफाडला पीच येणारच, असा तर्क कोणीही सहज करील. आता हिशेब पाहा. लाटेच्या एका रात्री पारा 7 अंशांखाली असतो तो साधारण पहाटे तीनपासून सूर्योदयानंतर थोडा वेळ, म्हणजे फार तर पाच तास. अशा वीस रात्री मिळाल्या असे धरले, आणि एका हिवाळ्यात इतक्या रात्री मिळणे ही चैनच म्हणायची, तरी शंभर तास होतात. त्यातून दुपारच्या उन्हाची वजावट अजून केलेलीच नाही. महाबळेश्वरचे उदाहरण याहून बोलके आहे. वेण्णा तलावाच्या काठावर दवबिंदू गोठल्याचे छायाचित्र दरवर्षी प्रसिद्ध होते आणि वाचकांची समजूत होते, की तेथे काश्मीरसारखी थंडी आहे. प्रत्यक्षात गोठते ते गवताच्या पात्यावरचे दव. हवेचे जानेवारीतील सरासरी किमान तापमान तेथे 13-14 अंशांच्या आसपास असते, म्हणजे खाली नदीखोऱ्यात असलेल्या निफाडपेक्षा जास्त, कारण रात्री थंड, जड हवा उतारावरून खोलगट भागात जाऊन साचते. महाबळेश्वरची दुपार मात्र सौम्य असते, त्यामुळे तेथे वजावट कमी होते. थोडक्यात, उंची पाहून पीचसाठी जागा निवडणे जितके चुकीचे, तितकेच नीचांकी पारा पाहून निवडणेही चुकीचे आहे.

थंडी अपुरी पडली तर झाड मरत नाही, आणि फसगत नेमकी येथेच होते. झाड वाढते, हिरवेगार दिसते, पण फुलोरा एका आठवड्यात उरकण्याऐवजी महिना-दीड महिना रेंगाळतो. कित्येक कळ्या फुलण्याआधीच गळतात. फांदीच्या टोकाचे डोळे फुटतात आणि मधली फांदी उघडी राहून एप्रिलच्या उन्हात भाजते. एकाच झाडावर सुपारीएवढे, लिंबाएवढे आणि पक्व असे सगळ्या वयाचे फळ दिसते. छायाचित्रासाठी हे झाड उत्तम असते, तोडणीसाठी मात्र निरुपयोगी, कारण चार फळांसाठी रोज मजूर लावणे कोणालाही परवडत नाही. आमच्या भागातील अनेकांना वाटते, की द्राक्षाला ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून आपण काडीला हायड्रोजन सायनामाइड या रसायनाचे पेस्टिंग करतो तसे पीचलाही केले, की प्रश्न मिटला. सायनामाइड पीचवर जगात वापरले जाते, हे खरे आहे. पण ते थंडीची उरलेली तूट भरून काढते. मूळ भांडवल झाडाकडे असावेच लागते. शिवाय पीचच्या फुलकळ्या या रसायनाला फार नाजूक असतात. मात्रा वाढली किंवा कळ्या फुगल्यावर फवारणी झाली, तर पालवी जोमाने येते आणि फळ लागतच नाही. द्राक्षाचा अनुभव येथे जसाच्या तसा लावता येणार नाही.

आता जातींकडे वळतो. पांढऱ्या गराच्या जगप्रसिद्ध जातींपैकी बहुतेक आपल्यासाठी आरंभीच बाद होतात. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत जपानच्या ओकायामा भागातले, झाडावरच पिशवीत वाढवलेले, गुलाबी छटेचे पांढरे पीच दिसतात. ती हाकुतो कुळातली फळे असून त्यांना खऱ्या, दीर्घ हिवाळ्याची सवय आहे. ‘बेल ऑफ जॉर्जिया’ या जुन्या अमेरिकी जातीच्या नावात उष्ण मानल्या जाणाऱ्या राज्याचे नाव आहे, म्हणून ती उष्ण भागासाठी योग्य असेल असे समजणारे लोक मला भेटले आहेत. तिला आठशे तासांच्या वर थंडी लागते. ‘आर्क्टिक सुप्रीम’ ही चवीसाठी वाखाणली जाणारी जात सहाशे ते सातशे तास मागते. कॅलिफोर्नियातून 1933 मध्ये प्रसारित झालेली ‘बॅबकॉक’ ही मात्र वेगळ्या वर्गातली. तिच्या वंशात दक्षिण चीनमधून आलेल्या ‘पीन्टो’ या चपट्या, कमी थंडीच्या पीचचा अंश आहे, आणि दक्षिण कॅलिफोर्नियातील सौम्य हिवाळ्यात घरोघरच्या परसात तिने पिढ्यान्‌पिढ्या फळ दिले. गर पांढरा, कोयीभोवती लालसर, कोय सुटणारी, आम्लता बेताची. असे असले तरी तिची गरजही 250 ते 300 तासांची आहे. लॉस एंजेलिसच्या आसपास जे सौम्य म्हणवते, ते आपल्या पठाराच्या मानाने कडाक्याचेच.

खऱ्या अर्थाने उष्ण भागासाठीचे काम झाले ते फ्लोरिडा विद्यापीठात. 1950 च्या दशकात तेथे राल्फ शार्प यांनी ओकिनावा बेटावरून आलेल्या, अगदी कमी थंडीत फुलणाऱ्या पांढऱ्या गराच्या पीचचा संकर मोठ्या फळांच्या जातींशी करण्यास सुरुवात केली आणि पुढे वेन शर्मन यांनी ते काम चालवले. त्यातून आलेली ‘फ्लोरडाप्रिन्स’ ही सुमारे 150 तासांची जात आज इजिप्तपासून पंजाबपर्यंत पसरली आहे. तिचा गर पिवळा आहे. पांढऱ्या गरात याच कार्यक्रमातून ‘ट्रॉपिक स्नो’ आली. तिची गरज सुमारे 200 तास, फळ मध्यम ते मोठे, आम्लता कमी. जगभरातील उष्ण भागातल्या पांढऱ्या पीचची चर्चा बहुधा ‘ट्रॉपिक स्नो’ आणि ‘बॅबकॉक’ या दोन नावांपाशी सुरू होते, आणि या दोहोंत मला विचाराल तर आपल्यासाठी पहिलीच अधिक जवळची आहे.

तथापि परदेशाकडे पाहण्याआधी सहारनपूरकडे पाहायला हवे होते, असे मला वाटते. उत्तर प्रदेशाच्या सपाट प्रदेशात, जेथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेथे ‘शरबती’ हा पांढऱ्या गराचा, भरपूर रसाचा पीच पिढ्यान्‌पिढ्या पिकत आला आहे. तिकडे पीचला आडू म्हणतात, आणि जून-जुलैमध्ये उत्तर भारतातल्या बाजारांत हिरवट पिवळ्या सालीवर गुलाबी डाग असलेला जो आडू दिसतो, तो बहुधा हाच. सहारनपूरच्याच संशोधन केंद्रात शरबती आणि फ्लोरडासन यांच्या संकरातून ‘सहारनपूर प्रभात’ ही जात तयार झाली. तिचा गर पांढरट असून ती एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या आरंभी, म्हणजे शरबतीच्या कितीतरी आधी हाती येते. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने सपाट प्रदेशातील पीचवर दीर्घकाळ काम केले आहे. त्यांच्या शिफारशीतील ‘शान-ए-पंजाब’, ‘फ्लोरडाप्रिन्स’ आणि ‘अर्ली ग्रँड’ या आघाडीच्या जाती पिवळ्या गराच्या आहेत, आणि पंजाबच्या बागायतदाराने त्या आनंदाने स्वीकारल्या, कारण त्यांची साल लाल होते आणि हिमाचलचा माल येण्याआधी त्या विकल्या जातात. पांढऱ्या गराच्या आग्रहाखातर या अनुभवाकडे डोळेझाक करू नये. येथे एक गोष्ट नोंदवतो: पंजाब आणि सहारनपूरचे उन्हाळे आपल्यासारखे किंवा अधिक कडक असले, तरी त्यांचा जानेवारी आपल्यापेक्षा बराच थंड असतो, आणि धुक्यामुळे कित्येक दिवस दुपारीही पारा वर चढत नाही. म्हणून ‘लुधियानात येते तर नाशिकला का नाही’ या प्रश्नाचे उत्तर उन्हाळ्यात शोधू नये.

पांढरा गर म्हणजे गोड गर, हा समजही तपासून घ्यावा. पीचमध्ये पांढरा रंग हा मूळ आणि प्रभावी गुण आहे, पिवळा अप्रभावी; हे शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. 2013 मध्ये त्यामागचे कारणही उलगडले. पांढऱ्या फळात कॅरोटिनॉइड ही पिवळी रंगद्रव्ये मोडणारे एक विकर काम करत असते. ज्या फळात त्याचे जनुक निकामी झालेले असते, तेथे रंगद्रव्ये साठून गर पिवळा होतो. रंगद्रव्ये मोडताना सुगंधी घटक तयार होतात, आणि पांढऱ्या पीचला जो फुलासारखा वास येतो त्यात या क्रियेचा वाटा असावा असे मानले जाते. गोडीचा संबंध मात्र याच्याशी नाही. कमी आम्लतेचा गुण वेगळ्या जनुकावर आहे. त्यामुळे आंबटगोड पांढरा पीचही असतो आणि मिळमिळीत गोड पिवळा पीचही असतो. बाजारात पांढरा म्हणजे कमी आंबट असे समीकरण रुजले, त्याचे कारण विसाव्या शतकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात तयार झालेल्या पांढऱ्या जातींपैकी पुष्कळ मुद्दाम कमी आम्लतेच्या निवडल्या गेल्या. आपल्याला काय आवडेल? माझा अंदाज असा, की हापूसची आंबटगोड चव जाणणाऱ्या मराठी जिभेला आम्लता अगदीच नसलेला पीच दुसऱ्या फोडीनंतर कंटाळवाणा वाटेल. पण हा अंदाज आहे, आणि चवीच्या बाबतीत दुसऱ्याच्या अंदाजावर कोणी झाडे लावू नयेत.

पांढऱ्या गराची खरी अडचण वाहतुकीत आहे. बोटाने जरा दाबले तरी त्या जागी तपकिरी डाग उमटतो, आणि पिवळ्या गरात जो डाग लपून जातो तो पांढऱ्यात उठून दिसतो. त्यात उष्ण हिवाळ्यात वाढलेल्या पीचच्या टोकाला अनेकदा चोच येते आणि शिवणीची, म्हणजे फळावरच्या उभ्या खाचेची, बाजू फुगते. पेटीत भरताना पहिला मार या चोचीला बसतो. निफाडहून वाशीच्या बाजारात टेम्पोने जाऊन दुसऱ्या दिवशी विकला जाईल असा माल हवा असेल, तर घट्ट गराची पिवळी जात घ्यावी. पांढरा पीच हे जवळच्या ग्राहकाचे फळ आहे. नाशिक किंवा पुण्याच्या दोन तासांच्या परिघात, एका थरात मांडून, थेट घरी किंवा हॉटेलांना विकण्याची ज्याची तयारी आहे, त्याने त्याचा विचार करावा. पीचला परागीकरणासाठी सहसा दुसऱ्या जातीची गरज नसते, त्यामुळे सफरचंदाप्रमाणे सोबतीची झाडे लावण्याचे बंधन नाही, ही एक सोय आहे.

यानंतर येतो पक्व होण्याच्या तारखेचा प्रश्न, आणि आपल्या हवामानात तो थंडीइतकाच निर्णायक आहे. शरबती आपल्याकडे फुललीच, तरी तिचे फळ पावसाच्या तोंडावर येणार. आणि पावसात पिकणारा पीच म्हणजे फळमाशीला दिलेले आमंत्रण. बॅक्ट्रोसेरा झोनाटा या माशीचे इंग्रजीतले प्रचलित नावच पीचवरून पडले आहे, आणि आंबा-पेरूवर येणारी तिची भावंडे आपल्याकडे आधीच मुबलक आहेत. कोकणातल्या आंबा बागायतदारांना ठाऊक असलेले नर माश्यांना ओढून घेणाऱ्या मिथाईल युजेनॉलचे ‘रक्षक’ सापळे येथेही कामाला येतील, पण सापळ्याने नराचा बंदोबस्त होतो, आजूबाजूच्या शेतातून आलेल्या फलित मादीचा होत नाही; म्हणून फळावर पिशवी चढवणे आलेच. ज्या जातीचे फळ फुलापासून ऐंशी ते शंभर दिवसांत तयार होते आणि मेच्या मध्यापर्यंत उतरवता येते, तीच आपल्यासाठी योग्य. प्रभात आणि ट्रॉपिक स्नो या चौकटीत बसण्यासारख्या आहेत. अर्थात मे महिन्यात त्यांची गाठ थेट हापूसशी आणि केसरशी पडणार आहे, हेही लागवडीपूर्वी लक्षात घ्यावे.

तोडणी झाली की बागेकडे पाठ फिरवण्याची सवय पीचला महागात पडते. पुढच्या वर्षाच्या फुलकळ्या उन्हाळ्याच्या उत्तरार्धात घडतात. त्या काळात झाडाला पाण्याचा ताण आणि कडक ऊन लागले, तर पुढच्या हंगामात जोडफळे आणि खोल शिवणीची फळे येतात, जी विकली जात नाहीत. पावसाळ्यात दमट हवेत पीचवर तांबेरा येतो आणि पाने अवेळी झडतात. पाने झडली की ऑक्टोबरच्या उकाड्यात झाड वेड्यासारखे फुलते आणि जानेवारीत फुलायच्या कळ्या तेव्हाच खर्ची पडतात. म्हणजे जी पाने नोव्हेंबरपर्यंत टिकवायची, तीच डिसेंबरमध्ये पाणी तोडून गाळायची, अशी ही कसरत आहे. द्राक्ष बागायतदाराला असल्या कसरतींची सवय असते, म्हणून त्याला हे जमेल असे मला वाटते. कोरडवाहू शेताच्या बांधावर हौसेने चार रोपे लावणाऱ्याला जमणार नाही.

जमिनीबद्दल थोडक्यात. पीचच्या मुळांना साचलेले पाणी अजिबात सोसत नाही, त्यामुळे काळी भारी जमीन बाद. चुनखडीच्या जमिनीत लोह उपलब्ध न झाल्याने पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा ठिकाणी पीच-बदाम संकराचा जीएफ-677 हा खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम वाढते ते रोप, जगात वापरतात, पण तो मुळांवरच्या सूत्रकृमींना बळी पडतो. नेमागार्ड या दुसऱ्या खुंटाचे नेमके उलट आहे, सूत्रकृमींना दाद न देणारा पण चुनखडी न सोसणारा. पंजाबात शरबतीच्याच कोयींपासून वाढवलेल्या रोपांवर डोळे भरतात. कोणत्या खुंटावर कलम आहे हे न विचारता पीचचे रोप विकत घेणे म्हणजे निम्मेच झाड पाहून पूर्ण पैसे मोजणे होय.

आणि हे विचारायचे कोणाला? फळझाडांच्या रोपवाटिकांचे नियमन करणारा कायदा महाराष्ट्रात 1969 पासून आहे आणि कलमे विकण्यासाठी परवाना लागतो. असे असताना गतवर्षी आमच्या भागात आलेल्या पीचच्या रोपांवर ‘इम्पोर्टेड व्हाइट’ यापलीकडे काहीही लिहिलेले नव्हते. कृषी विभागाने थंड हवामानातील फळझाडांपुरता तरी एक साधा नियम करावा: रोपाच्या पट्टीवर जातीचे पूर्ण नाव, तिची थंडीची गरज किती तासांची, खुंट कोणता आणि डोळकाडी (कलमासाठी घेतलेली डोळ्यांची काडी) कोठल्या मातृवृक्षाची, या चार गोष्टी मराठीत छापलेल्या असाव्यात. ज्या विक्रेत्याला थंडीचे तास सांगता येत नाहीत, त्याला पीच विकू देऊ नये. परदेशातल्या नातलगांकडून डोळकाडी सामानात लपवून मागवणाऱ्यांनाही एक विनंती. कॅलिफोर्नियात किंवा ॲरिझोनात स्थायिक झालेल्या आपल्या माणसांच्या परसात पांढरा पीच उत्तम येतो, हे खरे असले, तरी 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार अशी काडी परवान्याशिवाय आणता येत नाही, आणि तो नियम कागदी नाही. पीचवरचे विषाणू काडीतूनच प्रवास करतात, आणि उत्तरेकडच्या राज्यांत या कुळातील फळांवर हजारो कुटुंबांचे पोट आहे.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने याबाबत पुढाकार घ्यावा, अशी माझी विनंती आहे. विद्यापीठाकडे पठारावर वेगवेगळ्या उंचीची आणि हवामानाची केंद्रे आहेत. खर्चही फार नाही: प्रभात, शरबती, ट्रॉपिक स्नो आणि तुलनेसाठी पिवळ्या गराची फ्लोरडाप्रिन्स अशा चारच जाती, प्रत्येकीची मोजकी झाडे, शेजारी तासागणिक तापमान नोंदवणारे यंत्र, आणि चार-पाच हंगामांच्या फुलोऱ्याच्या, फळधारणेच्या व तोडणीच्या तारखा. फ्लोरडाप्रिन्सही जेथे नीट फुलत नाही, तेथे पांढऱ्या गराच्या जातींचा नाद सोडून द्यावा. जेथे ती आठवडाभरात एकजात फुलते, तेथे आधी प्रभात आणि मग ट्रॉपिक स्नो पाहावी. बॅबकॉक मी या यादीत मुद्दाम धरलेली नाही. ज्यांना विद्यापीठाची वाट पाहायची नाही, त्यांनी हीच चाचणी आपल्या बागेच्या सर्वांत थंड कोपऱ्यात दहा-बारा झाडांवर करावी आणि तीन बहार पाहिल्याशिवाय अकरावे-तेरावे झाड विकत घेऊ नये.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती करून पत्र पुरे करतो. यापुढे उष्ण भागातील पीचची बातमी देताना जातीचे नाव, लागवडीचे वर्ष, झाडांची संख्या आणि मागील हंगामात विकलेल्या मालाचे किलो एवढे अवश्य विचारावे, आणि शक्य तर त्याच शेतात पुन्हा दोन वर्षांनी जाऊन यावे.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. निफाड, जि. नाशिक